नवे बूट, बाकी सगळं जुनं

पोलिओ झालेला माणूस घरात असला की त्या घरात विनोद फार होतात. बाहेरच्यांना हे सांगून पटत नाही. माझा थोरला भाऊ दीड वर्षाचा होता तेव्हा, १९७३ साली, त्याचा डावा पाय गेला. तासगावजवळच्या आमच्या गावात पोलिओचा डोस ही गोष्ट तेव्हा कुणी ऐकलेलीही नव्हती. पुढे मिरजेहून कॅलिपर आला आणि त्याच्यामागोमाग विनोद आले. जिन्यापाशी पाहुणे घुटमळले की दादा म्हणायचा, "तुम्ही व्हा पुढे, मी लिफ्टनं येतो." गावात लिफ्ट सोडाच, माडीची घरंसुद्धा मोजून चार. शाळेत लंगडीचा डाव मांडला की हा कडेला बसून ओरडायचा, "माझ्यावर जन्माचं राज्य आहे रे, तुम्ही खेळा!" पोरं हसायची, मास्तर हसायचे, पाहुणे हसायचे, आणि हसून झालं की सगळ्यांचे खांदे जरा सैल पडायचे. आता याच्याशी बोलायला हरकत नाही, असं त्यांना वाटायचं.

ही जकात होती, हे मला फार उशिरा कळलं. कुठल्याही खोलीत शिरायचं तर दारातच एक विनोद मोजायचा. समोरच्याचा अवघडलेपणा आपल्या खिशातून भागवायचा, मगच आत. दादानं ती इतकी वर्षं इतक्या हसतमुखानं भरली की आम्हाला तो त्याचा स्वभावच वाटला.

इयन ड्युरीचा 'न्यू बूट्स अँड पँटीज!!' हा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो या जकातीवर कान ठेवून. २०१२च्या लंडन पॅरालिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्यात त्याचं एक गाणं झालं होतं. ते पाहिलं आणि एकेक रेकॉर्ड ऐकत मागे जात १९७७पर्यंत पोचले. लहानपणी पोलिओ झालेला, कॅलिपर लावून रंगमंचावर उभा राहणारा, चावट आणि काळ्या विनोदासाठी प्रसिद्ध असलेला गायक. म्हणजे हा पायावरून सुरुवात करणार, लोकांना हसवून मोकळं करणार, मग आपलं म्हणणं मांडणार, असं मी धरून चालले होते. दहा गाणी झाली. त्याचा पाय आलाच नाही. शेवटच्या गाण्यात एक शब्द येतो, त्याच्याकडे नंतर येते. पण बाकी चाळीसेक मिनिटं हा माणूस बढाईखोर गवंड्यांविषयी, स्वतःला शहाणा सिद्ध करू पाहणाऱ्या बावळटांविषयी, बस चालवणाऱ्या बापाविषयी गातो, आणि ऐकणाऱ्याच्या अवघडलेपणाची त्याला अजिबात पडलेली नाही. जकात भरायला साफ नकार. मला आधी या नकारानं धरून ठेवलं. गाणी आवडायला लागली ती नंतर.

ड्युरीचा जन्म १९४२चा, वायव्य लंडनमधल्या हॅरोचा. तो मात्र वर्षानुवर्षं आपण एसेक्समधल्या अपमिन्स्टरचे असल्याचं सांगत राहिला. ही थाप क्षुल्लक वाटते, पण तिच्यात बरंच काही आहे. त्याची आई शिकल्यासवरल्या, पुस्तकं असलेल्या घरातली. बाप आधी बस ड्रायव्हर आणि नंतर श्रीमंतांच्या गाड्यांवर शोफर. दोघांचं फार काळ जमलं नाही आणि मुलगा आईकडे वाढला. म्हणजे ज्या बोलीसाठी तो ओळखला जातो, ती लंडनच्या पूर्वेची आणि एसेक्सची जाड, गिळलेली बोली, तिच्यातली निम्मी बापाकडून आलेली आणि निम्मी त्यानं कमावलेली. १९४९ साली, सात वर्षांचा असताना, त्याला पोलिओ झाला. साउथएंडच्या पोहण्याच्या तलावात लागण झाली, असं तो सांगे. साल्कची लस यायला अजून सहा वर्षं होती. मग इस्पितळं, आणि ससेक्समधली चेली ही अपंग मुलांची निवासी शाळा. तिथल्या दिवसांबद्दल तो पुढे कडवटपणे बोलत असे.

त्यानंतर तो चित्रकलेकडे वळला. आधी वॉल्थमस्टोची कलाशाळा, मग रॉयल कॉलेज ऑफ आर्ट. दोन्हीकडे त्याला पीटर ब्लेक शिकवायला होते. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'च्या मुखपृष्ठामुळे ज्यांचं नाव जगाला कळलं, तेच हे ब्लेक. कुस्तीगीर, बिल्ले, सिनेनट्यांची चित्रं, जत्रेतली रंगरंगोटी हा ब्लेक यांचा ऐवज होता. आपल्याला खरोखर जे आवडतं ते लाज न बाळगता चित्रात आणायचं, हा त्यांचा धडा ड्युरीनं चित्रांपेक्षा गाण्यांत जास्त गिरवला असं मला वाटतं. त्याची उत्तम गाणी व्यक्तिचित्रं आहेत. एका माणसाला उभा करायचा, त्याचे कपडे नीट बघायचे, त्याला बोलू द्यायचं.

अल्बम ३० सप्टेंबर १९७७ला स्टिफ रेकॉर्ड्सनं काढला. सेक्स पिस्टल्सचा अल्बम यायला अजून महिना होता. ड्युरी तेव्हा पस्तिशीचा, म्हणजे पंकच्या हिशेबात म्हातारा. किलबर्न अँड द हाय रोड्स हा त्याचा आधीचा बँड पबांमधून वाजवून वाजवून फुटला होता. त्यामुळे हा अल्बम पंकच्या रांगेत लावला की ओशाळा दिसतो, आणि पोस्ट-पंक म्हणावं तर तो त्या नावाच्या आधीचा. पण पंकनंतरच्या मंडळींनी जे शोधलं ते इथे तयार आहे: तीन सुरांच्या आरडाओरडीऐवजी फंकची ठेवणीतली लय, आणि अमेरिकन उच्चारांची नक्कल सोडून स्वतःच्या गल्लीची बोली. मॅडनेस हा बँड किलबर्नचं ऋण मान्य करतो ते याचसाठी.

संगीत बरंचसं चाझ जँकेलचं. ड्युरी टाइप केलेले कागद पुढे करायचा आणि जँकेल त्यांना चाल लावायचा. चार गाण्यांना स्टीव्ह न्यूजंटची साथ आहे, आणि हा गृहस्थ मुळात अमेरिकेतून आलेला मानववंशशास्त्रज्ञ. एसेक्सच्या गवंड्याचं सगळ्यात नामी गाणं त्याच्यासोबत झालं, हे कळल्यावर मला फार गंमत वाटली. रेकॉर्डिंग लंडनच्या ओल्ड केंट रोडवरच्या वर्कहाउस स्टुडिओत झालं. ड्रम्सवर गयानात जन्मलेला चार्ली चार्ल्स, आणि बेसवर नॉर्मन वॉट-रॉय. वॉट-रॉयचा जन्म मुंबईचा, १९५१चा. तीन वर्षांचा असताना त्याचं कुटुंब इंग्लंडला गेलं. इंग्रजी पॉपमधला सर्वांत इंग्रजी म्हणवला जाणारा हा अल्बम ज्या दोघांच्या खांद्यावर उभा आहे, ते मुंबईचा आणि गयानाचा. त्याच ऑगस्टमध्ये, स्टुडिओपासून फार लांब नसलेल्या न्यू क्रॉस आणि लुईशमच्या रस्त्यांवर, परक्यांना हाकला म्हणणाऱ्या नॅशनल फ्रंटचा मोर्चा निघाला होता आणि लोकांनी तो अडवला होता. अल्बम याविषयी अवाक्षर बोलत नाही. बेस ऐकला की पुरतं.

'बिलेरिकी डिकी' हे या अल्बमचं हृदय, असं माझं मत. चाल जुन्या म्युझिक हॉलची, जत्रेत पाळण्याशेजारी वाजावी तशी. बोलणारा डिकी हा एसेक्समधला गवंडी, आणि त्याच्याकडे सांगायला एकच विषय: आपण कुठल्या गावात कुठल्या बाईला कसं पटवलं. प्रत्येक बाईचं नाव गावाच्या नाहीतर मोटारीच्या नावाशी यमकात बसतं. पहिल्यांदा ऐकताना यमकांवर हसू येतं. दुसऱ्यांदा ऐकताना शंका येते. या बाया यमकासाठीच तर जन्माला आल्या नाहीत ना? एवढ्या सोयीची नावं कुणाच्या आयुष्यात येतात? आणि मध्ये मध्ये डिकी आपण किती सभ्य, किती दिलदार, कुणाला विचारा, असं पटवत राहतो. जो माणूस न विचारता दोनदा आपल्या सभ्यतेची ग्वाही देतो, त्याच्याविषयी आपण काय समजायचं ते समजतो. पण ड्युरी त्याला पकडून देत नाही. डिकीच्या डोक्यावरून श्रोत्याला डोळा मारत नाही. आवाजात थोडी घमेंड, थोडी घाई, आणि दम लागल्यासारखं काहीतरी. गाणं संपताना मला डिकी एकटा वाटतो. हे गाण्यात कुठे लिहिलेलं नाही.

ही जात आपल्याला अनोळखी नाही. तमाशातला सोंगाड्या असाच आपल्या अकलेचे आणि मर्दुमकीचे डंके पिटत येतो. दादू इंदुरीकरांचा 'गाढवाचं लग्न'मधला सावळ्या कुंभार आठवावा. ड्युरीचा उगम अर्थात तिथला, ब्रिटिश म्युझिक हॉलचा. मॅक्स वॉल हा त्या परंपरेतला म्हातारा विनोदवीर त्याला इतका आवडायचा, की त्याच वर्षी ड्युरीचं एक गाणं वॉलच्या आवाजात स्टिफनंच काढलं. फरक एवढाच, की सोंगाड्याच्या समोर राजा असतो, आणि शेवटी फजिती होते ती राजाची. ड्युरीच्या गाण्यांत राजा नाही. सगळे एकाच पायरीवरचे.

'क्लेव्हर ट्रेव्हर'च्या इंग्रजी नावाचं स्पेलिंग मुद्दाम चुकवलेलं आहे. ट्रेव्हरला लोक मठ्ठ समजतात आणि आपण तसे नाही हे त्याला सांगायचंय. पण त्याचं प्रत्येक वाक्य नकारावर नकार चढवत स्वतःच्याच पायात अडकतं. याच्यावर हसणं सोपं आहे, आणि मीही हसले. मग बेसकडे लक्ष गेलं. वाक्यं धडपडतात, पण खालची लय इतकी शांत आणि खात्रीची चालते की ती ट्रेव्हरला पडू देत नाही. मागच्या बाकावर बसवलेल्या पोराच्या खांद्यावर कुणी हात ठेवून चालावं तसं. ट्रेव्हर मठ्ठ आहे हा या गाण्यातला विनोद नाहीच. त्याला तसं वाटायला कुणीतरी लावलं आहे, आणि ते कुणीतरी या क्षणी ऐकत हसतंय. आपण.

आणि 'माय ओल्ड मॅन'. बापावरचं गाणं म्हटलं की मराठी मन आधीच गळा भरून तयार असतं. इथे ती सोयच नाही. बापाचा कामाचा पोशाख, बस, नंतर बड्यांची गाडी, त्याची राहणी असे बारीक बारीक तपशील येतात, एखाद्या मित्रानं सांगावेत तसे. मधली वर्षं दुराव्यात गेली. मग दोघं बरोबरीनं भेटायला लागले, आणि फार बोलणं व्हायच्या आत बाप गेला. खरा बापही १९६८ मध्ये गेला होता. शेवटी मुलगा दोन शब्दांत निरोप घेतो, पत्राखाली सही करावी तसा. पूर्ण अल्बमभर विनोद करणारा माणूस इथे विनोदाआड लपत नाही, पण आसवांनाही हात घालत नाही. मला हे गाणं ऐकताना दर वेळी पोशाखाचा तपशील लागतो, मरणाचा नाही.

आता जे मला आवडत नाही ते. 'इफ आय वॉज विथ अ वुमन' हे गाणं म्हणजे एका पुरुषाची यादी: बाई आपल्याबरोबर असती तर तिला कसं झुरवलं असतं, कसं दुखावलं असतं. बचाव तयार आहे. सगळं गाणं 'असती तर'वर उभं आहे, म्हणजे बाई मुळात नाहीच. हा एका एकाकी माणसाचा विखार आहे, गायकाचा नव्हे. डिकीच्या बाबतीत हे मी स्वतःच म्हटलं. तरी इथे मला ते पुरत नाही. डिकीच्या थापांत हवा खेळती आहे. इथे खिडक्या बंद आहेत, आणि गाण्याला त्या कोंदटपणाची चव आवडू लागल्यासारखी वाटते. रिचर्ड बॉल्स आणि विल बर्च यांची चरित्रं वाचली की कळतं की ड्युरी जवळच्या माणसांशी, बायकांशी आणि बँडमधल्या मंडळींशी पुष्कळदा फार वाईट वागे. मंजूर. पायाला कॅलिपर आहे म्हणून कुणी संत होत नाही, आणि आमच्या घरानंही ते पाहिलेलं आहे. पण म्हणून त्या गाण्यात मी थांबत नाही, पुढे ढकलते. 'प्लेस्टो पट्रिशिया' शिव्यांच्या सरबत्तीनं सुरू होतं आणि पूर्व लंडनमधल्या एका हेरॉइनच्या नादी लागलेल्या मुलीची कथा सांगतं. तिथेही मुलगी हाती लागत नाही. शिव्या मात्र लक्षात राहतात. डिकीला, ट्रेव्हरला, बापाला जे बोलू दिलं, ते पट्रिशियाला दिलेलं नाही. अल्बमचा हा खराच दोष, आणि त्याला काळाचं पांघरूण घालायची गरज नाही.

'ब्लॉकहेड्स' तुलनेनं सरळ आहे. दारू पिऊन माजणाऱ्या, भडक कपड्यांतल्या पुरुषांची यथेच्छ टवाळी. ऐकणारा खूश होतो, कारण ते लोक म्हणजे आपण नव्हे. शेवटी बोट ऐकणाऱ्याकडे वळतं आणि तोही त्यातलाच ठरतो. अल्बमनंतर बँडला नाव हवं होतं तेव्हा त्यांनी हेच घेतलं. इयन ड्युरी अँड द ब्लॉकहेड्स. टवाळीचं नाव स्वतःला लावून घेण्याची ही खोड लक्षात ठेवायला हवी, कारण शेवटचं गाणं तेच करतं. 'ब्लॅकमेल मॅन'मध्ये चाल पहिल्यांदाच खऱ्या अर्थानं पंकसारखी अंगावर धावून येते, आणि बोलणारा आपली ओळख सांगतो ती रस्त्यावरच्या तुच्छतेच्या शब्दांत: या जातीचा, त्या देशाचा, त्या धर्माचा, आणि त्यातच पांगळा. अल्बममधला त्याच्या स्वतःच्या पायाचा उल्लेख तो एवढाच. एका लांबलचक रांगेत उभा राहून, बाकीच्यांच्या बरोबरीनं. गाणं म्हणून ते कच्चं आहे. पण इथे जी ठिणगी आहे तिचा चार वर्षांनी भडका उडाला.

मधला काळ भराभर सांगते. १९७९च्या जानेवारीत त्याचं एक गाणं इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं, ड्युरी एकदम घराघरात पोचला, जँकेल काही काळ सोडून गेला. १९८०च्या अल्बमचं नाव होतं 'लाफ्टर', म्हणजे हसू, आणि ड्युरीच्या अल्बमांत तो मला सर्वांत कमी हसवतो. तिथे विनोद रोजंदारीवर आल्यासारखा येतो.

१९८१ हे संयुक्त राष्ट्रसंघानं अपंग व्यक्तींचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं. ड्युरीला त्यातला कनवाळूपणा सहन झाला नाही. त्यानं 'स्पॅस्टिकस ऑटिस्टिकस' लिहिलं. कुब्रिकच्या 'स्पार्टाकस' चित्रपटात एकेक गुलाम उठून आपणच स्पार्टाकस असल्याचं सांगतो, त्या प्रसंगावर बेतलेलं. फक्त इथे उठणारा माणूस शिवीला आपलं नाव करतो. गाणं बहामातल्या नॅसॉ इथे, स्लाय डनबार आणि रॉबी शेक्सपियर या जमैकन जोडीबरोबर झालं. बीबीसीनं ते दिवसा वाजवायचं नाकारलं. 'स्पॅस्टिक' हा शब्द तेव्हा इंग्लंडातल्या शाळांच्या मैदानांवर शिवी झालेला होता. इतका, की तिथल्या स्पॅस्टिक्स सोसायटीनं १९९४ मध्ये नाव बदलून स्कोप केलं. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली संस्थाही स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाच होती, आणि तीही आता अडॅप्ट या नावानं ओळखली जाते. आपल्याकडे पांगळा गेला, अपंग आला, विकलांग आला, दिव्यांग आला. या शेवटच्या शब्दावर दादाचं म्हणणं असं: "अंग दिव्य झालं, टक्के तेवढेच राहिले. साठ." ज्यांनी जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र पाहिलंय त्यांना हे टक्के माहीत असतील.

बंदी घातलेलं तेच गाणं २९ ऑगस्ट २०१२ला लंडनच्या स्टेडियममध्ये, राणीच्या देखत, ग्रेई या अपंग कलावंतांच्या नाट्यसंस्थेनं सादर केलं. ड्युरी ते बघायला नव्हता. तो २७ मार्च २०००ला कर्करोगानं गेला. शेवटच्या वर्षांत तो युनिसेफसाठी पोलिओ लसीकरणाच्या कामावर फिरत होता, श्रीलंकेतही येऊन गेला होता. त्याच्या मृत्यूला बरोबर चौदा वर्षं झाली त्या दिवशी, २७ मार्च २०१४ला, जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. योगायोगच. पण बातमी वाचताना मला दादाच्या आधी ड्युरी आठवला, आणि मग त्याची लाज वाटली.

त्याच दिवाळीत मी गावी गेले तेव्हा दादाला ही गाणी ऐकवली. इंग्रजी त्याला बऱ्यापैकी कळतं, पण ती बोली कळणं शक्य नव्हतं, म्हणून थांबवून थांबवून अर्थ सांगत गेले. आधी 'स्पॅस्टिकस' लावलं, कारण तेच त्याला भिडेल अशी माझी खात्री. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला, "भांडतो चांगला." एवढंच. मग 'बिलेरिकी डिकी' लावलं आणि दादा खो खो हसायला लागला. त्याच्या ऑफिसात अशी दोन माणसं होती म्हणे, नावं घेऊन त्यांची नक्कल करून दाखवली. 'क्लेव्हर ट्रेव्हर'ला हसला नाही. 'माय ओल्ड मॅन' त्यानं दोनदा लावायला सांगितलं.

"हे पहिलं बरं आहे," तो म्हणाला. "दुसऱ्यात तो आपल्याविषयी बोलतो. यात बोलत नाही."

मी वाद घातला. 'स्पॅस्टिकस' हे गाणं गरजेचं होतं, ते कुणीतरी म्हणायलाच हवं होतं, वगैरे. दादानं हरकत घेतली नाही. "गरजेचं असेल. पण आपल्याविषयी तर मी रोज बोलतो, जिन्यात, दारात, एसटीत. न बोलायला मिळालं तर बघ." मी जकातीचा माझा सिद्धांत त्याला कधी सांगितला नव्हता. तेव्हाही सांगितला नाही. 'स्पॅस्टिकस' मोठं गाणं आहे हे मी अजूनही म्हणते, पण १९७७च्या अल्बमकडेच पुन्हा पुन्हा का जाते, ते मला त्या संध्याकाळी कळलं. 'स्पॅस्टिकस'मध्येही ड्युरी दारात उभा आहे, फक्त जकात मागणाऱ्याची गचांडी धरून. 'न्यू बूट्स'मध्ये तो केव्हाच आत जाऊन बसलाय, पाय पसरून, दुसऱ्यांच्या कागाळ्या सांगत.

मग मी त्याला मोबाइलवर मुखपृष्ठ दाखवलं. लंडनच्या व्हॉक्सहॉल ब्रिज रोडवरचं कपड्यांचं एक दुकान, त्याच्या काचेसमोर ड्युरी, आणि शेजारी त्याचा पाच वर्षांचा मुलगा बॅक्स्टर. तोही पुढे गायक झाला. फोटो ख्रिस गॅब्रिननं काढलेला. दादानं नावाचा अर्थ विचारला. मी वाचलेलं सांगितलं: ड्युरी सगळे कपडे जुन्या बाजारातून घ्यायचा. नवं घ्यायचं ते फक्त बूट आणि आतले कपडे. म्हणून 'नवे बूट आणि चड्ड्या'. गंमत.

"गंमत कसली त्यात?" दादा म्हणाला. "कॅलिपर लावणाऱ्याला जुना बूट चालतोय होय? दुसऱ्याच्या पायानं दबलेला बूट. टाचेत भोक पाडून सळई बसवायची, तळवा आपल्या मापानं चढवायचा. बूट नवाच लागतो. मिरजेला बाबा दर दीड वर्षानं घेऊन जायचे, तुला आठवत नसेल."

मी इतकी वर्षं या अल्बमवर वाचत होते, आणि नावाचा हा अर्थ कुणी लावलेला माझ्या वाचनात नव्हता. ड्युरीच्या मनात तो होता की नाही, हे आता कोण सांगणार. दादाला त्याची पर्वाही नव्हती. त्यानं फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि बुटांपाशी आणून थांबवला.